पिवळा ठिपका

“यातला हा एकच ठिपका पिवळा का आहे?” मुजावर मॅडमनी विचारलं.

आमच्या पडद्यावर एक मोठा चौकोन होता आणि त्यात दीडदोनशे करडे ठिपके दाटीवाटीनं बसले होते. चौकोनाला एका बाजूला फट ठेवली होती, ते दार. त्या सगळ्या करड्या गर्दीत पुढच्या बाजूला एक ठिपका हळदीसारखा पिवळा होता. मी जोतिरामकडे पाहिलं. रंग त्यानंच भरला होता. मला वाटलं होतं, सहज गंमत म्हणून.

“असाच, मॅडम,” तो म्हणाला. “गर्दीत ओळखू यावा म्हणून.”

“कोण ओळखू यावा?”

“ठिपका.”

मॅडमनी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग ‘बरं’ म्हणून त्या पुढच्या मशीनकडे गेल्या. जोतिरामनं बटण दाबलं आणि सगळे ठिपके दाराकडे धावत सुटले.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी कॉलेजात कॉम्प्युटर हा विषय नुकताच सुरू झाला होता. प्रयोगशाळेत जाताना चपला बाहेर काढायच्या, आत पंखा मोठा करायचा नाही, आणि लोडशेडिंगची वेळ जवळ आली की पाचपाच मिनिटांनी काम साठवून ठेवायचं, एवढे तिथले नियम. मशीन कमी आणि पोरं जास्त, म्हणून दोघादोघांत एक. हजेरीपटावर माझं नाव काटकर आणि त्याचं खांबे, एवढ्याच कारणानं आम्ही शेजारी बसलो. जोतिराम खांबे होस्टेलवर राहायचा. गाव त्याचं तासाभराच्या अंतरावर, पण शनिवारी सगळं होस्टेल रिकामं व्हायचं तेव्हाही हा तिथंच. स्वतः फारसा बोलायचा नाही. मी बोलायची ते मात्र मनापासून ऐकायचा. त्यामुळे आमचं छान जमलं होतं.

मुजावर मॅडम मिरजेहून रोज एसटीनं यायच्या. तासिकेवर नेमलेल्या, वयानं आमच्यापेक्षा आठदहा वर्षांनीच मोठ्या. पहिल्या तासाला आम्ही व्याख्या उतरवून घ्यायला वह्या उघडून बसलो, तर त्या म्हणाल्या, “चला, ग्राउंडवर.” तिथं आम्हाला उभं करून प्रत्येकाला एकच नियम सांगितला: डाव्या हाताला जो असेल तो हातभर अंतरावर राहिला पाहिजे, तो हलला तर तुम्ही हला. थोड्या वेळानं सगळा वर्ग गरागरा गोल फिरायला लागला.

“गोल फिरायला कुणी सांगितलं होतं?” मॅडमनी विचारलं.

“कुणीच नाही,” आम्ही म्हणालो.

“हेच आपण वर्षभर करणार आहोत. मशीनमधल्या प्रत्येक ठिपक्याला त्याच्यापुरता नियम सांगायचा आणि सगळ्यांचं मिळून काय होतंय ते बघायचं. याला सिम्युलेशन म्हणतात. प्रोग्रॅमिंग त्यातच येईल, वेगळं शिकवणार नाही.”

आणि खरंच तसंच झालं. ‘जर-तर’ आम्ही शिकलो ते मुंग्यांच्या रांगेतून, आणि एकच काम पुन्हापुन्हा कसं करून घ्यायचं ते शेळ्या आणि गवतातून. माझ्या शेळ्यांनी पहिल्याच दिवशी सगळं गवत खाल्लं आणि एकजात मेल्या. दुसऱ्या दिवशीही मेल्या. मी रडवेली होऊन मॅडमना बोलावलं.

“शेळ्यांना नावं ठेवू नकोस,” त्या म्हणाल्या. “तू त्यांना काय सांगितलंयस ते वाच. मोठ्यानं वाच.”

मी वाचत गेले आणि मध्येच थांबले. गवत परत उगवतं, हे मी कुठं लिहिलंच नव्हतं.

“मशीनला वाटतं, तू सांगितलंस तेवढंच जग आहे,” मॅडम म्हणाल्या.

जोतिराम माझ्या शेजारी हसत होता. त्याला हसताना मी फार कमी वेळा पाहिलंय.

जानेवारीत सभागृहाचं काम मिळालं. माणसांनी भरलेलं सभागृह, घंटा होते, सगळ्यांना बाहेर पडायचंय; दार किती रुंद हवं ते शोधा. काम तसं सोपं होतं. प्रत्येक ठिपक्याला सांगायचं की दार बघ, तिकडे एक पाऊल टाक, पुढं कुणी असेल तर थांब. आम्ही ते लिहून काढलं आणि मी म्हटलं, “आता यांना जोरात पळायला लावू. लवकर रिकामं होईल.”

“नाही होणार,” जोतिराम म्हणाला. “दारात कमान होईल.”

“कसली कमान?”

“माणसांची. एकमेकांत अडकून बसतात. मग कुणालाच पुढं जाता येत नाही, आणि मागचे रेटतच राहतात.”

मी वेग वाढवला. दारासमोर ठिपक्यांची अर्धगोल कमान तयार झाली आणि सगळं ठप्प झालं. मला भारीच वाटलं. “तुला कसं कळलं रे?” मी विचारलं.

त्यानं वेग परत कमी केला. त्यानंतरच केव्हातरी त्यानं तो एक ठिपका पिवळा केला.

आमचं काम आठवड्यात संपलं. पण जोतिराम ते सोडेना. रोज कॉलेज सुटल्यावर प्रयोगशाळा बंद होईपर्यंत तो तिथंच बसायला लागला. मी डोकावले की काहीतरी बदललेलं दिसायचं. चौकोनाच्या भिंती सरळ राहिल्या नव्हत्या. मध्ये दोन खांब आले होते. मधोमध एक आडवी रेघ आली.

“सभागृहात खांब कुठून आले?”

“तंबू आहे.”

“आपल्याला तंबू दिलेला नाही.”

“माहितीय.”

मग पिवळ्याच्या शेजारी एक निळा ठिपका आला. ते दोघं कायम चिकटून चालायचे. निळा हलला की पिवळा हलायचा. गर्दी दाटली की कधी ते सुटे व्हायचे, कधी नाही. सुटे कधी व्हायचं हे जोतिराम बदलत बसायचा. मला कंटाळा यायला लागला. आम्हाला दोघांना मिळून एकच काम द्यायचं होतं, आणि मुदत जवळ येत होती. तरी मी घरून डब्यात एक भाकरी जास्त आणायची आणि त्याच्यासमोर ठेवायची. कारण एकदा बसला की तो होस्टेलच्या मेसला जायचंसुद्धा विसरायचा.

एका दुपारी मी त्याच्या शेजारी बसून भाकरी मोडत होते. पडद्यावर धावपळ चालली होती. निळा आणि पिवळा सुटे झाले होते, निळा बाहेर पडला होता. पिवळा कडेकडेनं, खांबाला वळसा घालून दाराकडे सरकत होता. जोतिराम पुढं झुकून बघत होता. आणि लाइट गेली. सगळे पडदे एकदम काळे झाले. मागची पोरं ओरडली, मग नेहमीसारखी बाहेर निघाली.

जोतिराम तसाच काळ्या पडद्याकडे बघत बसला.

“पोचली होती,” तो म्हणाला. “आता दारात पोचली होती ती.”

ठिपक्याला कुणी ‘ती’ म्हणतं का? मी भाकरी खाली ठेवली.

“कोण ती, जोतिराम?”

आम्ही मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. तो खालच्या पायरीवरची माती बोटानं सारखी करत होता. मग त्यानं सांगितलं.

त्याला एक बहीण होती, मंजू. तो अकरा वर्षांचा असताना ती सहाची. गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा आला होता. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, मध्ये दोर बांधलेला. आई बायकांत मागं बसली होती. ही दोघं पोरं पुरुषांच्या बाजूला पुढं, पडद्याच्या जवळ, दोराला लागून बसली होती. आई म्हणाली होती, तिचा हात सोडू नको. मध्येच जनरेटर बंद पडला, अंधार झाला, कुणीतरी आग आग म्हणून ओरडलं. आग नव्हतीच. पण सगळा तंबू एकाच दाराकडे धावला, एक खांब कलंडला आणि कापड खाली आलं.

“माझ्या हातात तिचा हात होता,” तो म्हणाला. “आणि मग नव्हता. मला कुणी ढकललं नाही, ओढलं नाही. माझीच बोटं सुटली. मी बाहेर आलो. मंजू नाही आली.”

“आणि आई?”

“आईला कापडाखालून काढली. कमरेचं हाड मोडलं होतं. सांगलीला दवाखान्यात कितीतरी महिने होती. मला मावशीकडं पाठवलं शिकायला. मग तिकडंच राहिलो. मग होस्टेल.”

“घरी यावर बोलला नाहीत कधी?”

“काय बोलायचं?” तो म्हणाला. “आईनं विचारलं नाही कधी. ती विचारत नाही, म्हणजे तिला माहीत असणार.”

मी म्हटलं, “मग हे तू रोज काय बघत बसतोस?”

“मी नियम बदलून बघतो. हात धरून ठेवला तर काय होतं. धरून ठेवला तर कधी दोघं बाहेर येतात, कधी दोघंही अडकतात. सोडला तर निळा बहुतेक वेळा बाहेर येतो. पिवळा कधी येतो, कधी नाही.” त्यानं हातांची माती झटकली. “एकदा काय ते नक्की कळलं असतं तर बरं झालं असतं. माझ्यामुळं गेली तर तसं. नाही तर नाही.”

“मॅडमना दाखवूया,” मी म्हणाले.

“नको.”

पण मॅडमना बहुधा पिवळ्या ठिपक्यापासूनच काहीतरी जाणवलं होतं. पुढच्या प्रॅक्टिकलनंतर सगळे गेल्यावर त्या एक स्टूल ओढून आमच्या मागं येऊन बसल्या. त्यांची मिरजेची गाडी चुकणार हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.

“चालू कर,” त्या म्हणाल्या.

त्यानं चालू केलं. त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं. मग विचारलं, “कुठला तंबू आहे हा?”

जोतिरामनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. मग त्यानं त्यांना सांगितलं. मला सांगितलं होतं त्याहून कमी शब्दांत, पण सगळं. मॅडमनी त्याला मध्ये थांबवलं नाही आणि संपल्यावर अरेरेसुद्धा म्हटलं नाही. त्यांनी स्टूल थोडं पुढं ओढलं.

“पिवळ्याचे नियम वाच. मोठ्यानं.”

तो वाचायला लागला. निळ्याच्या शेजारी राहायचं. हात सुटला तर दार बघायचं. दाराच्या दिशेनं एक पाऊल टाकायचं. पुढं कुणी असेल तर थांबायचं.

“हात सुटल्यावर ती दाराकडं जाते,” मॅडम म्हणाल्या. “हे कुणी सांगितलं?”

“सगळेच दाराकडं जात होते.”

“ती सगळ्यांतली होती का? सहा वर्षांची पोर. अंधार आहे, माणसं ओरडतायत. तिला दार कुठंय हे तरी माहीत होतं का?”

जोतिराम पडद्याकडे बघत राहिला.

“मला माहीत नाही ती कुठं गेली,” मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. “तुलाही माहीत नाही. आणि या मशीनला तर मुळीच माहीत नाही. याला तू जे सांगितलंस, तेच हे तुला परत सांगतंय. तू याला हजार वेळा विचारलंस तरी हे तुला दोषी ठरवणार नाही आणि सोडणारही नाही. याला विचारू नकोस, जोतिराम. तिथं जे होते त्यांना विचार.”

“आई होती.”

“मग आईला.”

मॅडमनी उठताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला, क्षणभरच. दारात चपला घालताना त्या मागं वळून म्हणाल्या, “काम उशिरा दिलंत तरी चालेल.”

त्या आठवड्यात जोतिराम प्रयोगशाळेत आला नाही. शुक्रवारी वर्गाबाहेर मला गाठून म्हणाला, “उद्या मी गावाकडं जाणार आहे. तू येशील?”

“मी? मी येऊन काय करू?”

“मी एकटा गेलो तर जेवून परत येईन. दर वेळी तसंच होतं.”

मी घरी सांगितलं की प्रॅक्टिकलच्या कामासाठी वर्गातल्या मुलाच्या गावी जायचंय. आईनं दोनचार प्रश्न विचारले, अंधार पडायच्या आत ये म्हणाली. खोटं काही बोलावं लागलं नाही.

शनिवारी दुपारी आम्ही त्यांच्या दारात पोचलो. पत्र्याचं घर, पुढं सारवलेलं अंगण. वडील साखर कारखान्यावर पाळीला गेले होते. त्याची आई ओसरीत एक पाय लांब करून बसली होती आणि बियाण्यासाठी शेंगा फोडत होती. एका बाजूला शेंगांचा ढीग, एका बाजूला टरफलं, सुपात दाणे. जोतिरामला बघून ती उठायला लागली तर तो म्हणाला, “उठू नको, बस.” तरी ती भिंतीला धरून उठलीच. त्याच्या तोंडावरून हात फिरवायला उचललेला हात तिनं मध्येच थांबवला आणि पदर सारखा केला. मी ते पाहिलं. त्यानं नसावं पाहिलं, तो बूट काढत होता.

“ही माझ्या वर्गातली. आम्ही एका मशीनवर काम करतो.”

“ये पोरी, बस. जेवलाय का?”

आम्ही जेवलो. वांग्याचं भरीत आणि भाकरी. ती आम्हाला वाढत होती आणि जोतिराम खाली मान घालून खात होता. अभ्यास बरा चाललाय का, बरा चाललाय. मेसचं जेवण बरं असतं का, असतं. मग ते दोघंही गप्प झाले. ती पुन्हा शेंगांपाशी बसली, आणि जोतिराम घड्याळाकडे बघायला लागला. त्याचं म्हणणं मला तेव्हा नीट कळलं. असंच होत असणार दर वेळी.

मी शेंगा फोडायला बसले. म्हणाले, “काकू, आम्हाला कॉलेजात एक काम दिलंय.” एवढं बोलून मी थांबले. पुढचं मी सांगायचं नव्हतं.

जोतिराम उठला आणि आईच्या समोर येऊन मांडी घालून बसला. टरफलांचा ढीग त्यानं पुढं ओढला. जमिनीवर बोटानं एक चौकोन काढला, एका बाजूला जागा सोडली. आत टरफलं मांडत गेला. मधोमध टरफलांची एक ओळ लावली.

“आई, हा तंबू,” तो म्हणाला. “हा मधला दोर. हे दार.”

आईचे हात थांबले.

त्यानं सुपातून दोन दाणे घेतले आणि पुढच्या बाजूला, ओळीला लागून ठेवले. “हा मी. ही मंजू.” त्याचा आवाज अगदी सरळ होता, वर्गात उत्तर द्यावं तसा. “अंधार झाला. सगळी अशी दाराकडं आली. मी तिचा हात धरला होता. मग सुटला. मी इकडून बाहेर आलो.” त्यानं एक दाणा दारातून बाहेर सरकवला. “ही मागं राहिली. ही कुठं गेली ते मला माहीत न्हाई. मी बघितलं न्हाई. मी सोडली तिला, आई.”

तिनं हातातली शेंग खाली टाकली. मला वाटलं, आता ही उठून आत जाणार.

“मी कुठं हाय यात?” तिनं विचारलं.

जोतिराम गोंधळला. “तू बायकांत होतीस. मागं.”

“मग ठेव की मला.”

इतके दिवस त्या मशीनमध्ये त्यानं खांब घातले होते, दोर घातला होता, माणसांचा वेग बदलला होता. आई घातली नव्हती. त्यानं सुपातून आणखी एक दाणा घेतला आणि दोराच्या पलीकडं, मागच्या कोपऱ्यात ठेवला.

आईनं हात पुढं केला. मंजूचा दाणा एका बोटानं धरला आणि दाराकडे नाही, उलट्या दिशेनं सरकवायला लागली. मधल्या ओळीखालून, टरफलांमधून वाट काढत, हळूहळू तो तिनं आपल्या दाण्यापाशी आणून टेकवला.

“माझ्याकडं आली ती,” ती म्हणाली.

जोतिराम त्या दोन दाण्यांवर वाकला.

“अंधारात आली. दोराखालनं, माणसांच्या पायांतनं आली. माझ्या पोटाला येऊन बिलगली. मी विचारलं, दादा कुठाय. तर म्हणाली, दादाला चावले मी, सोडतच न्हवता.”

जोतिरामनं मान वर केली.

“काय म्हणाली?” जोतिरामनं विचारलं.

“सोडतच न्हवता म्हणाली. तिला माझ्याकडं यायचं हुतं. तू धरून ठेवलीस, तर चावली तुला.” आईनं त्याचा उजवा हात ओढून मांडीवर घेतला, उलटासुलटा करून बघितला, जणू अजून वण असेल. “तू कुठला सोडतोयस.”

जोतिरामचं डोकं खाली गेलं. त्याचे खांदे हलायला लागले. तिनं त्याचा हात तसाच धरून ठेवला.

“मग कापड पडलं,” ती म्हणाली. “मी तिला अंगाखाली घेतली. माझ्याच्यानं जेवढं झालं तेवढं केलं. शुद्धीवर आले तवा दवाखान्यात हुते.” ती थांबली. “माझ्या पोटाशी हुती आणि मी वाचले. मला वाटायचं, त्याचाच तुला राग. म्हणून तू येत न्हाईस.”

“मला वाटलं, तूच मला लांब पाठवलंस,” जोतिराम कसाबसा म्हणाला.

“पाय न्हवता रं मला. कोण करणार हुतं तुझं?”

मी उठून अंगणात गेले. रांजणातलं पाणी घेतलं, तोंड धुतलं, उगाच कोंबड्यांना दाणे टाकले. आत त्यांचं बोलणं चालू होतं. आधी थोडं थोडं, मग दोघं एकदमच. शब्द ऐकू येत नव्हते आणि मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. बऱ्याच वेळानं तिनं कुठल्याशा गोष्टीवर ‘तशीच हुती ती’ म्हटलेलं मात्र ऐकू आलं, आणि त्यात थोडं हसू होतं.

परतीच्या गाडीची वेळ झाली तेव्हा मी दारातून म्हटलं, “मी निघू?”

जोतिराम उठायला लागला. आईनं त्याच्याकडे पाहिलं. “राहतोस का?” तिनं विचारलं. विचारताना ती सुपातले दाणे उगाचच सारखे करत होती.

तो माझ्याकडे बघत राहिला.

“मी जाईन एकटी,” मी म्हणाले. “तासाभराचा तर रस्ता आहे.”

ती दोघं मला फाट्यापर्यंत पोचवायला आली. ती पाय ओढत चालायची, म्हणून आम्हीही सावकाश चाललो. वाटेत कुणी भेटलं की ती थांबायची आणि आपणहून सांगायची, जोती आलाय. गाडी लांबून दिसली तशी तिनं माझा हात धरला. हात खरखरीत होता, टरफलांची धूळ अजून त्याला होती.

“त्याला हे विचारायला तू सांगितलंस का?”

“नाही काकू. आमच्या मॅडमनी.”

“मास्तरीणबाईंनी?” तिला ते जरा नवल वाटलं. “मशीन शिकवतात त्या?”

“हो.”

गाडी थांबली. मी पायरीवर चढले, तरी तिनं हात सोडला नव्हता. “त्यांना सांग,” ती म्हणाली, “पोरगं घरी आलं म्हणावं.”

सोमवारी मुजावर मॅडम हजेरी घेत होत्या. काटकर म्हटलं, मी उभी राहिले. खांबे म्हटलं, कुणी उत्तर दिलं नाही. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

तास संपल्यावर मी त्यांच्यापाशी गेले आणि जे सांगायला सांगितलं होतं ते त्याच शब्दांत सांगितलं. त्यांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. खिडकीबाहेर पोरं सायकली काढत होती, तिकडे बघत राहिल्या.

“किती दिवस राहणार आहे?” त्यांनी विचारलं.

“काही बोलला नाही, मॅडम.”

“राहू दे,” त्या म्हणाल्या.